वैद्यकीय निष्काळजीपणाचे मोठे खटले जिंकलेली लॉ फर्म पुण्या-मुंबईत कशी शोधावी?

तुमच्या न्यू जर्सीतल्या बहिणीने तिथल्या एका फर्मचं पान पाठवलं, त्यावर अपघात आणि चुकीच्या उपचारांच्या खटल्यांत मिळवलेल्या लाखो डॉलरच्या भरपाईची यादी आहे, आणि तशी यादी असलेली फर्म इथे कुठली, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यात ग्राहक आयोगात वकिली करतो, म्हणून स्पष्टच सांगतो. अशी यादी इथे शोधू नका. कुणी मिरवत असेल तर त्याच्याकडे वकीलपत्र देऊ नका.

बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार आम्हाला जाहिरात करता येत नाही. संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कुठल्या प्रकारची कामं करतो, एवढंच. शिवाय निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या भरपाईत वाटा घेणंही नियमबाह्य आहे. अमेरिकेत अशा खटल्यांत वकील साधारण तिसरा हिस्सा घेतो आणि हरला तर फी मागत नाही. म्हणजे खटल्यात त्याचेही पैसे गुंतलेले असतात, त्यामुळे तो प्रकरण पारखूनच घेतो, आणि त्याची ती यादी ही त्याची दुकानाची पाटी असते. वर खटला तडजोडीत न मिटता सुनावणीपर्यंत गेला, तर भरपाईचा आकडा सहसा ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं मंडळ, ठरवते. आपल्याकडे ज्यूरी नाही आणि वाटाही नाही.

आता आपल्याकडचे गाजलेले खटले. त्यातही पहिला मान पुण्याचाच. ‘लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले’ हा खटला आजही जवळजवळ प्रत्येक युक्तिवादात येतो. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. वडील दौंडचे डॉक्टर. मुलाला टॅक्सीत घालून सुमारे दोनशे मैलांवरच्या पुण्यात आणलं, ९ तारखेला इस्पितळात दाखल केलं. त्या काळचा घाट रस्ता आणि पायाला तात्पुरत्या फळ्या, विचार करा. सर्जनने पूर्ण भूल न देता, नुसत्या मॉर्फियाच्या अंमलाखाली, माणसांच्या मदतीने पाय ओढून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. रात्री नऊच्या सुमाराला मुलगा गेला. डॉक्टरांचं म्हणणं, हाडातली चरबी रक्तात गेली. न्यायालयांनी निष्कर्ष काढला की भूल न देता केलेल्या ओढाताणीचा धक्का बसून मृत्यू झाला. डॉक्टरांनी नंतर वडिलांना लिहिलेलं पत्रही पुराव्यात आलं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. भरपाई ३,००० रुपये. मागणी २५,००० ची होती.

तीन हजार ही कुठल्या यादीत टाकण्याजोगी रक्कम आहे? पण रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता हे ठरवताना आणि तो उपचार करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरची काळजी घेण्याची जबाबदारी आहे, हे याच निकालात मांडलं गेलं.

दुसरा खटला औरंगाबादचा, ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र सरकार’. जुलै १९६३ मध्ये सरकारी रुग्णालयात बाळंतपण झालं, तीन दिवसांनी नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखायला लागलं, ताप हटेना. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरने पोट उघडलं तर आत टॉवेल. २४ तारखेला बाई गेल्या. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले ते १९९६ साली. तेहतीस वर्षं. सरकारी दवाखाना चालवणं हे काही राजसत्तेचं सार्वभौम काम नव्हे, चूक झाली तर सरकार भरेल, हे त्या निकालाने पक्कं केलं. टॉवेल पोटात कसा राहिला हे सिद्ध करायला तज्ज्ञ लागत नाही, ती गोष्ट स्वतःच बोलते. अशी प्रकरणं मात्र फार थोडी असतात. बहुतेकांत डॉक्टर म्हणतो, ‘ही ज्ञात गुंतागुंत होती’, आणि खरा वाद तिथे सुरू होतो.

तुमच्या यादीत शोभेल असा एकच आकडा आहे, डॉ. कुणाल साहांचा. अमेरिकेत राहणाऱ्या त्यांच्या पत्नी १९९८ मध्ये कोलकात्यात आल्या असताना त्वचेचा आजार झाला. डेपोमेड्रॉल हे दीर्घकाळ परिणाम करणारं स्टिरॉइड दिवसातून दोनदा ८० मिलिग्रॅम दिलं गेलं. पुढे एएमआरआय रुग्णालय, मग विमानाने मुंबईला ब्रीच कँडी, आणि २८ मे रोजी मृत्यू. वय ३६. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ६ कोटी ८ लाख दिले, वर ६ टक्के व्याज. खटल्याची बाजू साहांनी बऱ्याच अंशी स्वतः उभं राहून मांडली.

पण ती रक्कम फोडून बघा. ५ कोटी ७२ लाख हे बुडालेल्या उत्पन्नाचे आहेत, कारण बाई अमेरिकेत बालमानसतज्ज्ञ होत्या. सोसलेल्या यातनांचे १० लाख. पत्नीच्या सहवासाला मुकल्याबद्दल नवऱ्याला १ लाख. तोच औषधोपचार, तीच चूक, पण रुग्ण इचलकरंजीची पॉवरलूम कामगार असती तर आकडा कुठे थांबला असता, याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून रकमेवरून वकील निवडणं मला पटत नाही. आकडा बराचसा रुग्णाच्या पगाराचा असतो.

मग निवडायचं कशावरून? ग्राहक आयोगाचे आणि न्यायालयांचे निकाल जाहीर असतात, त्यात वकिलांची नावं असतात. तुमच्या जिल्ह्यातले वैद्यकीय निष्काळजीपणाचे निकाल काढा, हरलेलेही वाचा. हरलेल्या तक्रारीत बहुधा दिसतं की केसपेपरच नीट आणले नव्हते. वकिलाला पहिल्या भेटीत हे विचारा की तो केसपेपर कुठल्या डॉक्टरला दाखवणार आहे. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हैदराबादच्या प्रकरणात सांगितलंय (मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार केले होते). तरी गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेत तज्ज्ञाशिवाय उभं राहणारा वकील मला धाडसी वाटतो, आणि ते मी कौतुकाने म्हणत नाहीये.

आणि पोलिसांत जाऊन डॉक्टरला आत टाकू, असं पहिल्याच दिवशी सांगणारा असेल तर उठा. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारीसाठी ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. भरपाईचा रस्ता ग्राहक आयोगातून जातो, वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणणाऱ्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून. (गंमत म्हणजे वकिलाने तुमची केस बिघडवली तर त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवलं. डॉक्टर मित्र यावरून आम्हाला चिडवतात, आणि त्यांचं चुकत नाही.)

तुमच्या वडिलांचं बिल चार लाखांच्या आसपास झालं असं तुम्ही लिहिलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कुठल्या आयोगात जायचं हे ठरतं ते भरलेल्या पैशांवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. ५० लाखांपर्यंत बिल असेल तर जिल्हा आयोग, भले मागणी कोटीची असो. पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. ऑपरेशन गेल्या वर्षीचं आहे, तेव्हा आधी रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन सगळे कागद मागा: केसपेपर, नर्सिंग नोंदी, भुलीच्या नोंदी, संमतीपत्र. अर्जानंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून.