पाळणाघराच्या सुट्ट्या आणि कापलेली फी

प्रश्न : सोलापुरात बाळीवेस भागात मी राहत्या घरी पाळणाघर चालवते. सहा मुलं आहेत, फी महिना २,६०० रुपये. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेचे चार दिवस बंद ठेवलं, मग सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी आणखी पाच दिवस. एका पालकांनी नऊ दिवसांचे ९०० रुपये कापून फी दिली. विचारलं तर 'ग्राहक मंचात जाईन' म्हणाले. लेखी काहीच नाही. मला सुट्टीचा हक्कच नाही का?

उत्तर : ताई, आधी मनातली भीती काढून टाका. तुम्ही कुणाच्या नोकरीत नाही, त्यामुळे किरकोळ रजा, हक्काची रजा असं काही कायदा तुम्हाला आपणहून देत नाही. तुमची सुट्टी पालकांशी जे ठरलं त्यातून येते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी ठरलेलंही बंधनकारक असतं. शब्दांत न बोलता वागण्यातून ठरलेलंसुद्धा.

म्हणून त्या ९०० रुपयांचे दोन भाग करा. यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे तुमच्या भागात ये-जा अवघड होते, हे सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे. मागच्या वर्षीही तुम्ही ते दिवस बंद ठेवले असतील आणि याच पालकांनी पूर्ण फी भरली असेल, तर ती सुट्टी त्यांनी मान्य केली होती असं म्हणता येतं. ते ४०० रुपये मागा. ऑपरेशनचे पाच दिवस मात्र सोडून द्या. कारण कितीही खरं असलं तरी सेवा दिली नाही आणि त्याबद्दल आधी काही ठरलंही नव्हतं, तिथे तुमची बाजू लंगडी आहे.

ग्राहक मंचाचं, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाचं म्हणाल, तर पैसे घेऊन सेवा देता म्हणून पालक तुमचे ग्राहक आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ते तक्रार करू शकतात, एवढ्या लहान रकमेला शुल्कही लागत नाही. पण पैसे त्यांनी स्वतःच कापून घेतलेत. त्यापलीकडे नुकसान झालं, हे त्यांना सिद्ध करावं लागेल.

आता खरं काम. जूनपासून एक पानी करार करा आणि तो आत्ताच पालकांच्या हाती द्या. चालू व्यवस्था तुम्ही एकटीने बदलू शकत नाही, त्यांची संमती लागते. ज्यांना पटत नाही त्यांना महिनाभराची लेखी सूचना देऊन जुनी व्यवस्था थांबवता येईल. करारातली भाषा साधी ठेवा. उदाहरणार्थ :

'फी महिन्याची आणि जागा राखून ठेवण्यासाठी आहे. गड्ड्याची यात्रा, गणपती, दिवाळी यांच्या सोबतच्या यादीतील सुट्ट्यांना फी कापली जाणार नाही. याखेरीज वर्षात सहा दिवस सुट्टी घेईन, पंधरा दिवस आधी कळवीन. अचानक आजारपण आल्यास पहिले तीन दिवस फी कापली जाणार नाही, चौथ्या दिवसापासून रोजचे १०० रुपये परत देईन. मूल पूर्ण महिना येणार नसेल तर निम्मी फी राहील.'

शेवटचं वाक्य मे महिन्यासाठी आहे. मुलं मामाच्या गावी जातात, तुमचं घरभाडं आणि मदतनीस मावशींचा पगार मात्र चालूच असतो. आकडे तुमच्या सोयीने बदला. फक्त 'फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही' असं लिहू नका. महिनाभर कुलूप लावूनही पूर्ण फी मागणारी अट २०१९ च्या कायद्यात अनुचित करार ठरू शकते, आणि मला विचाराल तर ती न्याय्यही नाही.

अचानक सुट्टीच्या दिवशी मुलं शेजारच्या काकूंकडे ठेवायचा मोह होईल. त्या मुलाच्या पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय ते करू नका. तिथे मूल पडलं-झडलं तर निष्काळजीपणाची जबाबदारी तुमच्यावर येईल, आणि ते प्रकरण ९०० रुपयांचं राहणार नाही.

मावशींची सुट्टीही त्याच कागदासोबत ठरवा. पाळणाघर बंद म्हणून त्यांचा पगार कापू नका. बंद ठेवण्याचा निर्णय तुमचा असतो.

दोन्ही पालकांच्या सह्या घ्या, एक प्रत त्यांना द्या आणि यापुढे प्रत्येक फीची पावती, कोणत्या महिन्याची ते लिहून, देत जा.