न्यूअर्कचं वेढ्यातलं नाणं घेण्याआधी

1646 चं न्यूअर्कचं नाणं घ्यायचंय म्हणालात, निवड उत्तम आहे. पण पैसे देण्याआधी थोडं थांबा.

इंग्लंडच्या यादवी युद्धात हे गाव राजा पहिल्या चार्ल्सच्या बाजूनं लढत होतं. वेढा पडला, शिपायांचा पगार द्यायला नाणी उरली नाहीत, तेव्हा चांदीची ताटं-भांडी कापून हे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे पाडले. एका बाजूला मुकुट, सी आर (कॅरोलस रेक्स, म्हणजे राजा चार्ल्स) ही अक्षरं आणि खाली रोमन आकड्यात किंमत: 30, 12, 9 किंवा 6 पेन्स. दुसऱ्या बाजूला गावाचं नाव आणि साल.

नाणं तिरप्या उजेडात धरून बघा. काही अस्सल नाण्यांवर मूळ ताटाची नक्षी किंवा सोन्याच्या मुलाम्याचा अंश अजून दिसतो. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता. कुणाच्या तरी जेवणाच्या ताटाचाच तो तुकडा!

नकला मात्र भरपूर आहेत, संग्रहालयांतल्या आठवणवस्तूंपासून मुद्दाम फसवायला केलेल्यांपर्यंत. वजन कराच: 30 पेन्सचं साधारण 15 ग्रॅम, शिलिंगचं, म्हणजे 12 पेन्सचं, 6 च्या आत-बाहेर. पृष्ठभागावर बारीक खड्डे किंवा कडेला जोडाची रेघ दिसली तर ती साच्यात ओतलेली नक्कल आहे, सोडून द्या. मी सुरुवातीला असंच एक घेतलं होतं, विक्रेत्यानं परत घेतलं नाही.

कोपऱ्याला भोक असेल तर नाक मुरडू नका. अशी बरीच अस्सल नाणी मिळतात, आणि भावही पुष्कळ उतरतो. पहिलं नाणं म्हणून मी तेच सुचवेन. आणि कृपा करून ते घासूनपुसून चकचकीत करू नका.