पायाची नळी एवढी बारीक, मग बैलाचा भार ती पेलते कशी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. घरच्या लाल कंधारी बैलाच्या पायाची नळी माणसाच्या मनगटाहून थोडीच जाड, तरी उसाची गाडी ओढताना ती मोडत का नाही? दिवसभर रवंथ करून जबड्याचं हाड थकत कसं नाही? आणि नववीतल्या लेकीला शाळेच्या प्रकल्पासाठी यातलं घरी काही दाखवता येईल का? मी उदगीर भागात गुरांचा डॉक्टर आहे. मोडलेल्या हाडांशी कामामुळे सतत संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाडीचा हिशेब नीट लावू. टायरगाडीतल्या उसाचं वजन बहुतांश टायरांवर असतं, बैलाच्या पायांवर नाही. सपाट रस्त्यावर तासन् तास चालायचं तर बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या जोराने ओढत राहू शकतो, आणि चांगल्या टायरांना तेवढं पुरतं. खरा मार चढाला, उताराला आणि चाक खड्ड्यात बसलं की पडतो. उताराला गाडी जुवावरून अंगावर रेटत येते आणि पुढच्या पायांना तो रेटा अडवावा लागतो.

आता नळी. गुरांची ही नळी म्हणजे मुळात दोन हाडं आहेत, वासरू पोटात असतानाच ती जुळून एक होतात. तिचं घट्ट हाड लांबीच्या दिशेने नुसतं दाबलं, तर एका चौरस सेंटिमीटरला पावणेदोन ते दोन टन सोसतं. नळीच्या मध्यात चार-पाच चौरस सेंटिमीटर हाड धरलं तरी सात-आठ टन झाले. साडेचारशे किलोच्या बैलाला हे भरपूर आहे. पण तेच हाड दोन्ही टोकांनी ओढलं तर चौरस सेंटिमीटरला सव्वा टनाच्या आसपास तुटतं, आणि पिळलं तर पाऊण टनाच्या आतच. हाडाला दाब चालतो, ओढ कमी चालते, पीळ सगळ्यांत कमी. माझ्याकडे येणारी बहुतेक मोडलेली हाडं वजनाने दबून मोडलेली नसतात, वाकून किंवा पिळून मोडलेली असतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात खूर अडकतो, जनावर घाबरून वळतं आणि नळी तिरकी, मळसूत्रासारखी फुटते. अडलेलं वासरू दोरी लावून जोराने ओढलं की त्याच्याही पुढच्या पायाची नळी मोडते. तो प्रकार गावोगाव घडतो आणि तो टाळता येतो, म्हणून आवर्जून सांगतो: दोरी लावायचीच तर डॉक्टरला बोलवा.

चालताना पायावर येतो तो भार मुख्यतः वाकवणारा असतो. स्नायू हाडाला सरळ रेषेत ओढत नाहीत, बाजूने ओढतात. जमिनीचा रेटाही तिरका येतो. वाकलेल्या हाडाची एक बाजू दाबली जाते, समोरची ओढली जाते आणि मधल्या भागावर जवळपास काहीच येत नाही. म्हणूनच मध्ये पोकळी चालते. पराणीला आपण बांबू घेतो तो याचसाठी: तेवढ्याच वजनाची भरीव काठी घेतली तर ती बारीक होते आणि लवकर वाकते. हाडाच्या पोकळीत मगज राहतो, हा वरचा फायदा.

यात एक कोडं आहे आणि मला ते फार आवडतं. वाकणं एवढं घातक, तर हाडं सरळसोट हवीत. पण घोड्याच्या पुढच्या पायातलं गुडघ्याच्या वरचं हाड, रेडियस, थोडं बाकदार असतं, आणि त्या बाकामुळे ते धावताना आणखी वाकतं. जॉन बर्ट्रम आणि अँड्र्यू बिवेनर यांनी 1988 मध्ये याचं असं उत्तर मांडलं: बाक असला की हाड दर वेळी ठरलेल्याच दिशेला वाकतं, आज पुढे, उद्या बाजूला असं होत नाही. दिशा ठरलेली असली की जाडी कुठे घालायची हेही ठरतं. थोडी ताकद सोडून खात्री मिळवायची, असा हा व्यवहार. मला हे पटतं, कारण अपघातात हाडं मोडतात ती बहुधा भलत्याच दिशेने जोर आल्यामुळे.

हाड खरोखर किती वाकतं हे मोजलेलं आहे. जिवंत प्राण्याच्या हाडावर बारीक मापक पट्टी चिकटवतात आणि त्याला धावू, उडू, चावू देतात. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनियन यांनी 1984 मध्ये अशी मापं एकत्र मांडली. दौडणारा घोडा, उडणारा हंस, कडक काही चावणारं माकड, सगळ्यांची हाडं भरात असताना हजारात दोन ते तीन भाग इतकीच दबत किंवा ताणत होती. वीस सेंटिमीटरच्या नळीला हे अर्धा मिलिमीटर झालं. कायमचं नुकसान सुरू होतं ते हजारात सहा-सातच्या पुढे. म्हणजे पायाचं असो की जबड्याचं, हाडाकडे शिल्लक दुप्पट ते चौपट. याहून जास्त नाही, कारण जास्त हाड म्हणजे जास्त वजन, आणि ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं.

उंदीर आणि घोडा यांच्यात ही शिल्लक सारखीच राहते, याचं कारण हाडाइतकंच उभं राहण्याच्या रीतीत आहे. प्राणी मोठा होतो तसं वजन घनाने वाढतं आणि हाडाचा छेद वर्गाने, हे गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात हाडांची चित्रं काढून दाखवलं होतं. त्या हिशेबाने घोड्याचे पाय आहेत त्याहून कितीतरी जाड हवेत. पण उंदीर गुडघे-कोपर दुमडून चालतो, घोडा आणि बैल पाय जवळजवळ सरळ ठेवतात. पाय सरळ असला की सांध्याभोवतीच्या स्नायूंना कमी ओढावं लागतं, आणि हाडावरचा मोठा भार वजनाचा नसून स्नायूंच्याच ओढीचा असतो. माणसाच्या कृत्रिम खुब्यात मापक बसवून पाहिलंय: साध्या चालण्यातही त्या सांध्यावर शरीराच्या अडीच पट भार येतो.

आता जबडा. गाय-म्हैस दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते आणि चरणं धरून दिवसात तीस-चाळीस हजार वेळा जबडा हलवते. एकेका चावण्याचा जोर नळीवरच्या भारापुढे कमी, पण आवर्तनं किती पाहा. ती एका वेळी एकाच बाजूने चावते आणि जबडा आडवा फिरवते. त्यामुळे चावणाऱ्या बाजूचं हाड पिळलं जातं आणि दुसऱ्या बाजूचं वर-खाली वाकतं. खालचा जबडा बाजूने पाहिला तर रुंद आणि समोरून पाहिला तर पातळ दिसतो तो यासाठीच: पट्टी उभी धरली की वाकत नाही. घोड्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी शिंगरू लहान असतानाच जुळून एक होतात. गुरांचे मात्र म्हातारपणापर्यंत वेगळेच राहतात, मध्ये लवचीक जोड असतो. तरस आपल्याकडच्या माळावर मेलेल्या गुरांची हाडं फोडून खातं, तेव्हा ते पुढच्या जाड, बोथट दाढा वापरतं, आणि तिथे जबडा खोल आणि दणकट असतो.

तरीही इतक्या आवर्तनांत बारीक तडे पडतातच. जबड्यात पडतात, नळीतही पडतात. धातूची पट्टी असती तर ते तडे वाढत जाऊन एक दिवस तुटली असती. हाड जिवंत आहे, हा सगळा फरक आहे. त्याच्या आत असंख्य पेशी बसलेल्या असतात आणि अतिसूक्ष्म वाटांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. हाड वाकलं की त्या वाटांतलं पाणी सरकतं आणि पेशींना भार कळतो. मग एका प्रकारच्या पेशी तडा गेलेला भाग पोखरून काढतात, दुसऱ्या तिथे नवं हाड भरतात. बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं होतं की हाडाची घडण त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे बदलते. कसं बदलते ते पुढे प्रयोगांनी दिसलं. लहान डुकरांच्या पुढच्या पायातल्या दोन हाडांपैकी एक काढून टाकलं, तर उरलेलं हाड तीन महिन्यांत जाड होऊन दोघांचं काम करू लागलं. कोंबड्याच्या पंखाच्या हाडाला रोज फक्त 4 वेळा भार दिला तर ते टिकून राहिलं, 36 वेळा दिला तर वाढलं, आणि शेकडो वेळा दिला तरी त्याहून जास्त वाढलं नाही. नुसता दाब धरून ठेवला तेव्हा मात्र हाड झिजलंच. हाडाला हालचाल लागते.

हे गोठ्यात उपयोगी आहे. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, बैल महिनोन् महिने दावणीला उभा असतो आणि हंगाम आला की एकदम जुंपला जातो. उभं राहून हाड तयार होत नाही. शर्यतीच्या तरुण घोड्यांना एकदम जोरात पळवलं की नळीच्या पुढच्या बाजूला दुखणं येतं, हे घोड्यांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. पोखरणं आधी होतं आणि भरणं मागाहून, त्यामुळे मधले आठवडे हाड उलट कमजोर असतं. बैलांवर इतकी मापं घेतलेली नाहीत, पण हाडाचं काम तेच. म्हणून मी दोन दाती गोऱ्ह्याच्या मालकाला सांगतो की महिनाभर आधीपासून रोज थोडं चालवा, मग रिकामी गाडी, मग अर्धी.

हाडाच्या मालाचंही पाहायला हवं. नुसत्या कडब्यावरच्या जनावराला फॉस्फरस कमी पडतो; मग ते हाडं, चिंध्या चघळायला लागतं. त्याला खनिज मिश्रण द्या आणि मेलेल्या जनावरांची हाडं चघळू देऊ नका, त्यातून जीवघेणी विषबाधा होते. पाण्यातल्या जादा फ्लोराइडचं उलट: नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत ते आहे. त्याने हाड दाट दिसतं, पण ठिसूळ होतं.

एक गोष्ट वरच्या नियमात बसत नाही, तीही सांगायला हवी. माकडं चावताना भुवईवरच्या हाडावर येणारा भार मोजला तर अगदी किरकोळ निघाला. वापराने हाड टिकतं म्हणावं तर ते पातळ व्हायला हवं, पण तसं होत नाही. कवटीचा वरचा भाग मेंदूच्या रक्षणासाठी आहे आणि त्याची जाडी मुख्यतः जन्मतः ठरलेली दिसते. जबड्याजवळ मात्र खाण्याचा परिणाम स्पष्ट आहे: हायरॅक्स या सशाएवढ्या आफ्रिकी प्राण्याला लहानपणापासून शिजवलेलं मऊ अन्न दिलं, तर चेहऱ्याच्या खालच्या आणि मागच्या भागाची वाढ सुमारे 10 टक्क्यांनी कमी झाली. गुरांची दाढ पडली की तिच्या जागचं हाडही खचतं.

लेकीच्या प्रकल्पासाठी कोंबडीच्या तंगडीची दोन साफ हाडं घ्या. एक बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा आणि दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदलत राहा. आठवड्याभरात त्यातला चुना विरघळतो आणि हाड रबरासारखं वाकतं: उरतं ते कोलॅजन, ओढ सोसणारं. दुसरं हाड चुलीच्या निखाऱ्यात पांढरं होईपर्यंत भाजा, जवळ मोठं माणूस हवं. आकार तोच राहतो, पण बोटाने दाबलं की चुरा: हा दाब सोसणारा खनिज भाग. ताज्या हाडात वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज, उरलेलं कोलॅजन आणि पाणी. यानंतर खाटकाकडून शेळीच्या मांडीचं हाड लांबीत चिरून आणा. मधला भाग जाड भिंतीचा आणि पोकळ दिसेल, टोकाला जाळी दिसेल. ती जाळी पाण्यात उकळून, घासून साफ केली की तिच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते उन्हात धरून पाहता येतं. लेकीला त्या रेषा कागदावर काढायला सांगा आणि शेळीचा भार सांध्यातून कुठून येत असेल ते बाणांनी दाखवायला सांगा. 1860 च्या दशकात झुरिकला हेर्मान फॉन मायर यांनी माणसाच्या खुब्याच्या हाडातली अशीच जाळी काढली होती, आणि कार्ल कुलमन या अभियंत्याला त्या चित्रात क्रेनमधल्या भाराच्या रेषा दिसल्या होत्या.