परदेशात राहताना तुमच्या कुटुंबाला आलेला सर्वांत विलक्षण योगायोग कोणता?

आम्ही मेलबर्नला राहतो. गेल्या संक्रांतीला, नुकतीच ओळख झालेल्या एका मराठी कुटुंबाकडे हळदीकुंकवाला गेलो असताना, तिळगुळाचा स्टीलचा डबा हातात घेताच माझी आई थबकली, कारण झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव माझ्या आजीचे होते आणि त्याखाली ‘सातारा, १९८४’ असे होते. कडेचा पोचासुद्धा आईने ओळखला. यजमानीणबाईंच्या सासूबाई पूर्वी साताऱ्यात आजीच्याच आळीत राहत असत. फराळाच्या देवाणघेवाणीत डबा त्यांच्याकडे राहून गेला असावा.

तसे योगायोग आपल्याला वाटते त्याहून सहज घडतात. केवळ २३ माणसे जमली, तरी त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. शिवाय परदेशातील मराठी मंडळींची गावे, शाळा आणि नातीगोती मुळातच एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे असे दुवे सापडणे वाटते तितके दुर्मीळ नाही. तरीही नेमका तोच डबा समोर यावा, याचे मला आजही नवल वाटते.

यजमानीणबाईंनी तो आईला परत दिला, आणि तोही रिकामा नव्हे, तर तिळाच्या वड्यांनी भरून.