बुखाराला मुक्काम कर

बाळा, अनेक आशीर्वाद.

उझबेकिस्तानच्या सहलीचा तुझा रंगीत तक्ता पाहिला. सात दिवसांत ताश्कंद, समरकंद, बुखारा, खीवा, मधे किझिलकुमच्या वाळवंटात तंबूतली एक रात्र, आणि वर विचारतोस की आटलेल्या अरल समुद्राकाठच्या मोयनाकची गंजलेली जहाजं कुठे बसवता येतील का. नाही बसत. आणि तू अडलायस ते दिवसांपाशी नाहीच. इतक्या लांब जाऊन काही राहून गेलं तर, या धास्तीपाशी अडलायस. ती धास्ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

पहिल्या खेपेला मी सहलवाल्यांबरोबर गेलो होतो. समरकंदच्या रेगिस्तान चौकाला चाळीस मिनिटं. नुसते फोटो काढत सुटलो. शेरदोर मदरशाच्या कमानीवर वाघाच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य आहे, हे घरी आल्यावर फोटोत दिसलं! उलुगबेग या खगोलज्ञ राजाची वेधशाळा तर बसच्या खिडकीतून गेली. अरे, ज्याच्या तारासारणीच्या आधाराने आपल्या जंतरमंतरवाल्या जयसिंगाची गणितं पुढे गेली, त्या माणसाच्या दारावरून मी जेवायला उशीर होतोय म्हणून पुढे गेलो. अजून चरफडतो.

म्हणून सांगतो, मुक्काम कर. एका गावी.

दुसऱ्या खेपेला मी पाच दिवस फक्त बुखाराला राहिलो. सामानी राजघराण्याची कबर तिथे आहे, दहाव्या शतकातली, आपल्या एखाद्या लहान देवळाएवढी. निळी फरशी नाही, सोनं नाही. नुसती भाजकी वीट. सकाळी ती मला चटईसारखी विणलेली दिसली. दुपारी सपाट, कंटाळवाणी. उन्हं कलल्यावर प्रत्येक विटेला सावली फुटली आणि भिंत पुन्हा विणली गेली. तक्त्यात तू तिला दुपारी बाराची वेळ दिलीयस, वीस मिनिटं. काय म्हणू तुला?

संध्याकाळी लब-इ-हौजवर बस. हौदाचा काठ, एवढाच त्याचा अर्थ. आपला हौद तोच शब्द. शहरात असे पुष्कळ हौद होते, रोगराईपायी सोव्हिएत काळात बहुतेक बुजवले, हा राहिला. तिथला चहावाला पहिला चहा पियालीत ओततो आणि परत किटलीत, असं तीनदा. पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरभोळा आहे. तिसऱ्या दिवशी त्याने किटली माझ्यापुढे सरकवली, तूच कर म्हणून. हे तक्त्यात कुठे लिहिशील?

लोक मला हसतात. दोनदा गेलात आणि खीवा नाही पाहिलं? नाही पाहिलं. बुखाराहून साडेचारशे किलोमीटर, वाटेत बहुतेक किझिलकुमच. जायला एक दिवस, यायला एक. शिवाय माझा गुडघा. खरं तर गुडघा तेव्हा ठणठणीत होता. मी हट्टाला पेटलो होतो, पहिल्या खेपेचं उट्टं काढत होतो. तरी चूक केली असं मी म्हणणार नाही. मुक्काम केला, तेवढंच माझ्यापाशी उरलंय. बाकीचं सगळं फोटोंत आहे.

तेव्हा ताश्कंदला उतर, रेल्वेने समरकंद, दोन रात्री, मग उरलेले दिवस बुखारा. स्टेशन गावाबाहेर कागानला आहे, टॅक्सीचं भाडं आधी ठरव. तंबू खोड. मोयनाक खोड. खीवाही खोड.

आणि माझं न ऐकता खीवाला गेलासच, जाशीलच म्हणा, तर तिथल्या जुम्मा मशिदीत दोनशेच्या वर कोरीव लाकडी खांब आहेत. त्यातल्या एकाचा फोटो पाठव. जवळून काढलेला.

तुझा,
काका