मानवी शरीरात ऊती किती प्रकारच्या असतात आणि त्यांची कामं काय? रक्ताला ऊती का म्हणतात?

ऊती म्हणजे मिळून एक काम करणाऱ्या पेशींचा समूह. प्रकार चार: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता ऊती. नावं पाठ करण्याआधी एकच गोष्ट बघा, पेशी एकमेकींना चिकटून आहेत की त्यांच्यात अंतर आहे आणि त्या अंतरात काय भरलंय. तुमचा रक्ताचा प्रश्नही त्यातूनच सुटतो.

अभिस्तर ऊतीत पेशी अगदी खेटून असतात. काम आवरणाचं, पण जागेनुसार बांधणी बदलते. फुप्फुसातल्या वायुकोशांत चपट्या पेशींचा एकच थर असतो, कारण तिथून ऑक्सिजन आरपार जायचा असतो. लहान आतड्यात खांबासारख्या उंच पेशी अन्नरस शोषतात. त्वचेवर घासाघीस होते, म्हणून थरावर थर. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात, पोषण खालून झिरपतं. खरचटलं पण रक्त आलं नाही, तर जखम या थरापुरतीच आहे असं समजा. ती लवकर भरते, कारण इथल्या पेशी सतत नव्या होतात. आतड्याचं अस्तर तर ३ ते ५ दिवसांत बदलतं.

संयोजी ऊतीत पेशी विरळ, मधे भरपूर आधारक, म्हणजे पेशींमधल्या अंतरात भरलेला पदार्थ. आधारक घट्ट तर हाड, लवचिक तर कास्थी (कूर्चा), द्रव तर रक्त. रक्तात साधारण ५५ टक्के प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग असतो, तोच आधारक. पेशी त्यात तरंगतात. म्हणून रक्त ही संयोजी ऊती. हाडाचा आधारक दुहेरी असतो: कॅल्शियमचे क्षार कडकपणा देतात, कोलॅजेनचे तंतू चिवटपणा. कोंबडीच्या पायाचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा (मधे एकदा व्हिनेगर बदला). क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखं वाकतं.

सगळ्यात जास्त घोळ स्नायुरज्जू आणि अस्थिबंधात होतो. स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो, अस्थिबंध हाडाला हाडाशी. आपण मात्र दोन्हींना, शिवाय नसेलाही (संदेश नेणाऱ्या चेतेला), सरसकट ‘शीर’ म्हणून मोकळे होतो! घोटा मुरगळतो तेव्हा बहुधा अस्थिबंध ताणलेला असतो. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून सूज उतरली तरी बरं व्हायला कित्येक आठवडे जातात. हाडाला रक्त भरपूर, ते चांगलं जुळतं. सांध्यातल्या कास्थीत रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे गुडघ्यातली झिजलेली कास्थी पूर्ववत होत नाही.

स्नायू ऊतीचं काम आकुंचन पावणं. हाडांना जोडलेले स्नायू आपल्या इच्छेने चालतात, आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले आपोआप. हृदयाचा स्नायू हाडांच्या स्नायूंसारखा पट्टेदार, तरीही अनैच्छिक, म्हणजे आपोआप चालणारा. परीक्षेत हमखास चुकतं ते हेच. हृदयविकाराच्या झटक्यात त्याच्या पेशी मेल्या की जागी व्रण उरतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही.

चेता ऊतीत संदेश नेणाऱ्या चेतापेशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या पेशी असतात. कण्यापासून पायाच्या बोटांकडे जाणारा चेतापेशीचा तंतू जवळपास १ मीटर लांब असू शकतो. मेंदू आणि मेरुरज्जूतले तुटलेले तंतू सहसा पुन्हा वाढत नाहीत. हातापायांतले वाढतात, पण दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. मनगटाशी अशा तंतूंची नस (रक्तवाहिनी नव्हे) कापली गेली, तर ती नीट शिवूनही बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला सहा महिने सहज लागतात.