अमेरिकेत रिव्हॉल्व्हरने हरीण, रानडुक्कर मारतात हे खरं आहे का? मला ५०० मॅग्नम घ्यायचीय, घेऊ का?

५०० मॅग्नम घेऊ नका, निदान पहिली म्हणून तरी नकोच. तुम्ही लिहिलंय की एच-१बीवर डॅलसला आलाय, शूटिंग रेंजवर दोनचारदा नाइन एमएम पिस्तूल चालवलीय आणि आता रिव्हॉल्व्हरने शिकार करायचीय. करता येते, टेक्सासमध्ये कायदेशीर आहे, मी गेली सहा वर्षं तेच करतोय. पण यात ताकदीपेक्षा अंतर महत्त्वाचं, आणि हे मी एका डुकरिणीला जखमी करून शिकलो.

पहिलाच सीझन होता, ४४ मॅग्नम होती, रेंजवर पंचवीस यार्डांवर बशीएवढ्या गोलात सहाच्या सहा जायच्या म्हणून मला वाटलं जमतंय आपल्याला. संध्याकाळी जनावरांना मका टाकणाऱ्या फीडरवर डुकरीण आली, ऐंशी यार्ड तरी असेल, उजेड उतरलेला, आणि मी उभ्यानेच बार काढला. ती बसली, उठली आणि मेस्किटच्या झुडपात घुसली. जाऊन बघतो तर गवतावर रक्त अगदी थोडं आणि त्यात हिरवट घाण, म्हणजे गोळी पोटात लागली होती. टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत माग काढला, नाही मिळाली. सकाळी ओढ्याच्या काठाला सापडली तेव्हा श्वास चालू होता. रात्रभर ते जनावर तसंच पडून होतं आणि ते माझ्यामुळे. त्यानंतर पन्नास यार्डांच्या पुढे मी एकही बार काढलेला नाही.

असं का होतं ते समजून घ्या. ४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची, वजनदार आहे पण तिचा जोर ३०८ रायफलच्या साधारण एक तृतीयांश. रायफलची गोळी वेगामुळे आजूबाजूचंही फाडते, रिव्हॉल्व्हरची बहुतेक वेळा फक्त आरपार भोक पाडते, त्यामुळे ते भोक फुफ्फुसातूनच गेलं पाहिजे. जनावर पूर्ण आडवं उभं हवं, नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, आणि डुकराचं हृदय-फुफ्फुस हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं हे लक्षात ठेवा. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा, वळलं नाही तर जाऊ द्या.

ही पद्धत रुजली ती ४४ मुळेच. आयडाहोचा शिकारी-लेखक एल्मर कीथ ४४ स्पेशलमध्ये, म्हणजे त्याच जाडीच्या जुन्या, कमी जोराच्या काडतुसात, स्वतः जास्त दारू भरून शिकार करायचा, त्याने पाठपुरावा केला आणि १९५५ च्या शेवटी स्मिथ अँड वेसनची ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणि तिचं रेमिंग्टनचं काडतूस आलं. ५०० मॅग्नम आली २००३ मध्ये, लांब नळीची जवळजवळ दोन किलोची आहे, आणि तिचा धक्का एवढा की नवा माणूस चाप ओढायच्या आधीच अंग आकसून घेतो आणि गोळी खाली जाते. एकदा ती सवय लागली की सोडवायला महिने जातात, मी रेंजवर बघितलंय. व्हाइटटेल, म्हणजे इथलं हरीण, आणि डुकराला ४४ भरपूर झाली.

म्हणून ४४ घ्या, साडेसात इंची नळीची, आणि सुरुवातीला त्यातच ४४ स्पेशल चालवा, बसतं आणि धक्का निम्म्याहून कमी. मित्राला सांगा सिलिंडरमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या चक्रात, मधेमधे उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी भरून द्यायला, तुम्हाला न दाखवता. रिकाम्या पुंगळीवर चाप ओढल्यावर नळीचं टोक खाली डुचकलं तर तुम्ही दचकताय, तेवढं जाईपर्यंत शिकारीला जाऊ नका. रानात नेहमी शूटिंग स्टिक्सवर, म्हणजे बंदूक टेकवायच्या काठ्यांवर, टेकूनच. आणि हो, सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गरम गॅस बाजूला मारतो, बोट तिथे नेलंत तर चामडी फाटेल. कानाला इलेक्ट्रॉनिक मफ लावा, एकच बार असला तरी.

आता कायदा, कारण एच-१बीवाल्यांची इथे फार गफलत होते. नॉनइमिग्रंट व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, पण चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकराला २०१९ पासून लायसन्स लागत नाही, ते ऐकून कुणी म्हणेल कशाला काढतोस, त्याचं ऐकू नका, तुमची सूट त्या लायसन्सवरच उभी आहे. संपलं की लगेच नवीन काढा. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो, तो मनापासून करा, उरकू नका.

हरणाचा मुख्य सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. आत्ता मे चाललाय, आठवड्याला पन्नास गोळ्या मारल्यात तर तोपर्यंत पन्नास यार्डांवर बशीएवढा गोल जमेल. नाहीच जमला तर यंदा रायफल घेऊन जा.